मी स्वखुशीने जात आहे

वेचणी सुरू झाली की मला विहिरीभोवती वाकलेली माणसं बघवत नाहीत. ती बिचारी कधी पाण्याची मोटार बाहेर काढायला जमलेली असतात, कधी कुणाची बादली पडलेली असते, कधी तर काठावर बसून नुसता तंबाखू मळणं चाललेलं असतं. परवा मोताळ्याच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून अशीच पाचसहा माणसं दिसली आणि मी डोळे मिटून रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळून राह्यलं का मॅडम?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? गाडी पुढे निघून गेली, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली होती, आणि मलकापूर येईपर्यंत मी रुमाल काढला नाही.

कपाशी फुटली की लोकांना फार छान छान सुचतं. कुणी पांढरं सोनं म्हणतं, कुणी चांदणं म्हणतं, शाळेतली पोरं निबंधात ढग उतरले म्हणून लिहितात. मी शिक्षिका, मला ते तपासावं लागतं. ज्यांनी कधी वेचलेला नाही त्यांना कापूस मऊ वाटतो. वेचणाऱ्याच्या हाताला आधी लागतं ते बोंडाचं सुकलेलं टोक. ते नखाच्या कडेला असं फाडतं की जेवताना ठेच्यात बोट गेलं तर डोळ्यांतून पाणी यावं. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, पाठ वाकलेलीच राहते, सकाळचं दव सुकतं आणि घामावर धूळ बसायला लागते. आणि या सगळ्यावर एक वास असतो, औषधाचा.

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, औषधच म्हणतात. औषध मारलं म्हणजे पिकावर फवारलं. औषध घेतलं म्हणजे मात्र वेगळं. ते सांगताना माणूस आवाज खाली घेतो आणि ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. परक्या माणसाला हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर घोळ होतो. आमच्या बाबतीत तो झालाच, पण ते पुढे.

मी तेव्हा मलकापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. बीटीचं बियाणं आमच्या गावात नवंच होतं. आता फवारायची गरज नाही, बोंडअळी तोंडच लावणार नाही, असं सगळे सांगत होते. अळीनं खरंच तोंड लावलं नाही. पण पानं लाल पडायला लागली, त्याला लाल्या म्हणायचे, आणि बारके किडे पानांमागे बसून रस ओढायला लागले. मग जो भेटेल तो वेगळंच औषध सांगायचा आणि माझे बाबा पाठीवर पंप बांधून पुन्हा ओळींत शिरायचे. पायात काही नाही, तोंडाला दुपट्टा. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं उभे राहा. ते वाचायला भिंग लागलं असतं, आणि भिंग असतं तरी हातमोजे कुठून आणायचे? संध्याकाळी बाबा ओसरीवर बसून डोकं दोन्ही हातांनी दाबून धरायचे. माय विचारायची, "दुखते का?"

"नाई. उन लागलं."

रोज ऊनच लागायचं त्यांना, आभाळ भरून आलेलं असलं तरी.

त्याच हंगामात आमच्या खेळाच्या सरांनी माझं नाव एका मोहिमेसाठी पाठवलं. उत्तरेकडच्या उंच डोंगरांत, सरहद्दीजवळच्या एका खिंडीपर्यंत, उन्हाळ्याच्या सुट्टीत पायी जायचं. खर्च सगळा त्या गिर्यारोहण संस्थेचा. मी तोवर बर्फ पाहिलेला होता तो मलकापूर स्टेशनाबाहेरच्या सरबताच्या गाडीवर, भुश्यात गुंडाळलेला. डोंगर म्हणजे आमच्या गावामागचा राजूरचा घाट. तो चढून बुलढाण्याला गेलं की आम्हाला फार उंच आल्यासारखं वाटायचं, वर हवाही गार लागायची. सर म्हणाले, "आपला घाट त्याईच्या पायरीएवढा बी नाई वंदना. तयारी कर." माझं नाव वंदना. घरात वंदे.

डोंगरात असं मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो मुलूख सरहद्दीचा, तिथे शिरायला परवाना लागायचा. परवान्यासाठी ओळखीचा पुरावा, फोटो, पोलीस पाटलाचा दाखला, सरकारी डॉक्टरचा दाखला, आणि बापाची सही. सगळे कागद दिवाळीची सुट्टी संपायच्या आत कॉलेजात पोचले पाहिजेत, नाहीतर नाव कटलं. आणि सोबत नियमांचं पत्रक. ते मला इतकं आवडलं की मी ते चालता चालता म्हणायचे. पहिल्या मुक्कामी चढायचं नाही, नुसतं राहायचं, विरळ हवेची सवय होऊ द्यायची. एकट्यानं कुठं जायचं नाही. नाक्यावर विचारला की परवाना दाखवायचा. पुलांचे फोटो काढायचे नाहीत. वाटाड्या परत फिर म्हणाला की फिरायचं, वाद घालायचा नाही. आणि डोकं दुखलं, मळमळलं, तर लपवायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं.

बाबा ओसरीवर पंपाचं तोंड साफ करत बसले होते तेव्हा मी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. तो शेवटचा नियम त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

"डोकं दुखलं तं सांगाच लागते?"

"हाव. नियमच आहे तो."

"आन सांगतलं तं?"

"तं तिथंच थांबवतात. बरं नाई वाटलं तं खाली आनून सोडतात."

बाबा हसले. "बरं हाये बाप्पा डोंगराचं," म्हणाले, आणि पंपाच्या तोंडात तार घालून ते पुन्हा खरडायला लागले. सहीचं हो नाही की नाही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मायले आत्ता सांगू नको. मी पाह्यतो."

फॉर्म इंग्रजीत होता. बाबांना मराठी वाचता यायचं, तेही सावकाश, ओळीखाली बोट धरून. कशावर सही करतोय हे त्यांना कळलं पाहिजे म्हणून मी वहीचं पान फाडून सहीच्या वरचा मजकूर मराठीत उतरवला. 'मी स्वखुशीने जात आहे. माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास त्यास कोणासही जबाबदार धरू नये.' खाली माझं पूर्ण नाव. पान भिंतीतल्या देवळीत आरशामागे खोचलं, बाबा दाढी करायला आरसा घेतील तेव्हा त्यांच्या हाती लागेल म्हणून.

त्या वर्षी आमच्या भागात ते दुसरं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. पेपरात छापून यायचं. औषध घेतलेल्या कुणाच्या खिशात निघालं, कुणाच्या उशाखाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ते ऐकून ऐकून येत होतं. मीही ते वाचलेलं होतंच. पण मला त्या कागदात नुसता बर्फ दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली. सरांनी सांगितलं होतं, पाठीवर वजन घेऊन चढायची सवय करा. दगड पाठीला टोचायचे. गोठ्यात औषधाचा एक मोठा रिकामा डबा होता, वर विषाचा लाल त्रिकोण असलेला. मी तो राखेनं घासून घासून धुतला, पाण्यानं भरला, पिशवीत घालून पिशवी पाठीला बांधली आणि घाटाकडे निघाले. माय शेतात होती, बाबा कापूस घेऊन मलकापूरला गेले होते. कुणाला सांगणार? आणि सांगितलं असतं तर कुणी जाऊ दिलं असतं?

घाटात सीताफळं पिकली होती. एका वळणावर बसून मी ती खाल्ली, बिया दरीत थुंकल्या, हात चिकट झाले. खाली सगळा सपाट मुलूख मलकापूर-नांदुऱ्याकडे पसरलेला, धुरकट. पाठ दुखत होती आणि मी फार खुश होते. आयुष्यात इतकी खुश मी मोजक्या वेळा झाले असेन.

उतरताना आडवाटेनं आले. आमचं शेत दिसायला लागलं तेव्हा विहिरीवर माणसं दिसली. खूप माणसं. बाया ओट्या सोडून धावत होत्या, कापूस वाटेत सांडलेला. विहिरीवर एवढी माणसं कधी जमतात हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. मी धावले. पाठीवर डबा हिंदकळत होता, सोडायचं सुचलं नाही. गर्दीत मागून घुसले. एका म्हातारीनं माझ्याकडे न बघताच बाजूला सरून जागा दिली.

"कोन पडलं वो?" मी विचारलं.

"सदाशिवची पोरगी. चिठ्ठी लेहून गेली माय. औषधाचा डबा बी नेला."

सदाशिव म्हणजे माझे बाबा. त्यांना मी एकटीच पोरगी. हे मला कळायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात मी विहिरीच्या काठावर पोचले होते आणि सगळ्यांसारखी खाली वाकून बघत होते. खाली छातीभर पाण्यात कासमचाचा होते. गावात मोटारी आणि पंप दुरुस्त करायचे ते, आणि कुठल्याही विहिरीत उतरायचं झालं की लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांच्या हातात दोरीला बांधलेला गळ होता. ते तो पाण्यात टाकायचे, तळातून ओढत आणायचे, पुन्हा टाकायचे. गळ कशाला तरी अडकला तेव्हा सगळी गर्दी आणखी पुढे वाकली. काटेरी फांदी निघाली. त्यांनी दम घ्यायला मान वर केली आणि मला पाहिलं.

"या अल्ला," ते म्हणाले. "बेटी, तू ऊपर है? हम तुझे नीचे ढूंढ रहे."

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. मायचा हात गालावर बसला हे आठवतं, कानात बराच वेळ घण्ण वाजत राहिलं. मग तिनं माझा जबडा दोन्ही हातांनी धरून तोंड उघडलं आणि नाक आत घातल्यासारखं करून वास घेतला. एकदा, दोनदा. सीताफळाचा वास होता. तिसऱ्यांदा घेतला आणि मग ती माझ्या खांद्यावर कोसळली. बाबा मलकापूरहून नुकतेच आलेले दिसत होते, डोक्याला टोपी तशीच होती. ते जवळ आले नाहीत. जरा दूर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून होते. कुणीतरी त्यांना माझी पिशवी नेऊन दिली. त्यांनी डबा काढला, झाकण फिरवलं, बोट बुडवून नाकाशी नेलं. मग सगळं पाणी हळूहळू मातीत ओतलं.

दुपारी घरी आली तेव्हा देवळीत सापडलेलं ते पान मायनं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं आणि त्यांना सगळं कळलं. मायला त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून घरात डोंगर हा शब्द बंद झाला.

मी पुढे या वाक्यावर फार विचार केला. अजून करते. ते कुणी पहिल्यांदा लिहिलं असेल? ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात सही घेतात त्यातही ते असतं. सहलीच्या कागदावर असतं. आता मी शाळेतल्या मुलामुलींना गडावर नेते, तर आईबापांच्या मोबाइलवर फॉर्म जातो आणि त्यात ते असतं, पुढे चौकोन, टिचकी मारली की मान्य. कुणी वाचत नाही. परवा एका मुलीच्या आईनं मात्र शाळेत येऊन विचारलं, "मॅडम, हे असं काऊन लेह्यलं, कोनाचीच जबाबदारी नाई म्हून? मंग तुमी कायले चालल्या संग?" मी तिला चहा पाजला. उत्तर दिलं, पण ते मलाही फारसं पटलं नाही. आणि त्यातला 'स्वखुशीने' तर माझ्या डोक्यातच जातो. आमच्या भागात त्या वर्षी जे गेले ते कुठल्या खुशीनं गेले? ते लिहून ठेवायला त्यांना कुणी शिकवलं? मागे राहिलेल्यांना पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून ते बिचारे जाता जाताही काळजी घेत होते, आणि त्या काळजीचा फायदा मात्र जे खरे जबाबदार होते त्या भलत्यांनाच मिळत होता. मला याचा राग येतो. वय वाढलं की राग ओसरतो म्हणतात, माझा ओसरलेला नाही.

सुट्टी संपत आली. डॉक्टरचा दाखला नाही, सही नाही. माय माझ्या मागेमागे असायची, मी परसात गेले तरी दारात उभी. गावातल्या बाया माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायच्या. मला ते असह्य झालं. एका दुपारी मी आणि बाबा शेजारशेजारच्या ओळींत वेचत होतो, माय दूर दुसऱ्या टोकाला. मी हात थांबवले.

"बाबा, उद्याचा दिवस शेवटचा हाये."

ते वेचत राहिले.

"तिथं मानूस मरू नये म्हून इतके कागद मागतात. छाती तपासतात, रक्त तपासतात. तुमी पंप पाठीवर घेता तवा तुमाले कोनी कागद मागतला का कधी? तुमाले कोनी म्हनते का, डोकं दुखलं तं सांगजा, खाली आनून सोडतो?"

माझा आवाज चढला होता. पलीकडे मायनं मान वर केली. बाबांनी एक बोंड वेचलं, दुसरं वेचलं. त्यांच्या बोटांना रक्त आलं होतं, कापसाला लागू नये म्हणून ते बोट दुपट्ट्याला पुसत होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओळीच्या शेवटापर्यंत गेले, ओटी मोकळी केली आणि तिकडूनच म्हणाले, "सकाळच्या गाडीनं चाल. दवाखाना पाहून घेऊ पयले."

तालुक्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, पुण्याकडचा, तरुण. त्यानं माझी नाडी पाहिली, जिने चढउतर करायला लावले, छातीला नळी लावली. मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "याआधी काही औषध घेतलंय का हिनं?"

बाबा खुर्चीवरून उठलेच. "नाई साहेब! घेतलं नाई तिनं! लोकं काईबी बोलून राह्यले. पानी होतं त्या डब्यात, म्या सोता पाह्यलं!"

डॉक्टर पेन हातात धरून बघतच राहिला. कोपऱ्यातली नर्स आमच्याकडचीच होती. तिला आधी हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला आणि डॉक्टरजवळ जाऊन हळू आवाजात दोन शब्द सांगितले. त्याचे कान लाल झाले. "मी तापाच्या, दम्याच्या गोळ्यांचं विचारत होतो," तो म्हणाला. मग बाबांकडे जरा नीट बघून म्हणाला, "तुम्ही फवारणी करता का? डोकं दुखतं का तुमचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दुखते," ते म्हणाले. "लई दुखते."

त्या दिवशी दवाखान्यात माझ्यापेक्षा जास्त वेळ बाबांना लागला. दाखला मिळाला, पण कॉलेजात पोचेपर्यंत दुपार उलटली होती आणि सर निघायच्या बेतात होते. त्यांनी घाईघाईनं फॉर्म पुढे केला, सहीच्या जागेवर फुली मारून दिली. बाबांनी पेन घेतलं आणि थांबले.

"ते वाक्य कोन्तं?" त्यांनी मला विचारलं.

मी इंग्रजी ओळींवर बोट ठेवलं. ते वाक्य मराठीत सांगायची माझी हिंमत झाली नाही, त्यांना ते येतच होतं.

"हे मले पटत नाई सर," बाबा म्हणाले.

"अहो, नुसती पद्धत असते. सगळे करतात सही."

"करत असतीन. पन पोरीच्या जिवाले कोनीच जबाबदार नाई, हे कसं काय? ढोर बाजारात न्याचं तं त्याच्या बी कासऱ्याले कोनाचा तरी हात राह्यते. हे तं मानूस हाये."

सर घड्याळ बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. बाबा असे एकदा अडले की अडले. पण ते खुर्चीवर बसले. त्यांनी फॉर्म सरळ करून घेतला आणि इंग्रजी मजकुराखाली, फुलीच्या वर, एकेक अक्षर कोरत लिहायला लागले. 'माझी मुलगी जात आहे. तिच्या जिवाला मी जबाबदार आहे.' मग सही.

"अहो, असं लिहिलेलं चालत नाही. फॉर्म परत येईल."

"ते वरचं त्याईचं म्हननं झालं सर. हे माह्यं."

सरांनी कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. शेवटी पाकिटात घालत म्हणाले, "जाऊ द्या. तिकडं मराठी कोनाले वाचता येते?"

मग वाट बघणं सुरू झालं. दुसरी वेचणी झाली, तिसरीही उरकली. कपाशीच्या उभ्या काड्या राहिल्या, त्याही उपटून चुलीसाठी रचल्या गेल्या. पोस्टमन गल्लीत आला की माय आणि मी दोघी दाराशी यायचो, ती फॉर्म परत आला असेल या आशेनं आणि मी त्याच धास्तीनं. होळीच्या सुमाराला परवाना आला. मायनं तो हातात घेऊन बघितला, माझ्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि देवापुढे ठेवला. निघायच्या दिवशी तिनं लसणाची चटणी इतकी बांधून दिली की सगळ्या तुकडीला पुरली.

डोंगराविषयी मी इथे काही लिहिणार नाही. लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मला आठवतो तो नाका. लाकडी खोली, आत शेगडी, टेबलामागे लोकरी टोपी घातलेला हवालदार. तो एकेकाचे कागद उघडून बघत होता आणि माझ्यापाशी अडला. परवान्याला टाचलेला फॉर्म त्यानं शेगडीच्या उजेडाकडे नेला. "ये नीचे क्या लिखा है?"

इतक्या लांब येऊन आता परत पाठवतात की काय?

"मराठी है साहब," मी म्हटलं. "पिताजी ने लिखा है।"

"वो तो दिख रहा है। लिखा क्या है?"

"लिखा है... मेरी जान के लिए वो जिम्मेदार हैं।"

हवालदारानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे रांग खोळंबली होती, कुणीतरी पाय आपटत होतं. त्यानं शिक्का उचलला, तोंडाची वाफ त्याच्यावर सोडली आणि बाबांच्या ओळीला लागणार नाही असा बाजूला मारला.

खिंड समोर दिसत होती तेव्हा वाटाड्या थांबला. आम्हाला आभाळ स्वच्छ वाटत होतं. त्यानं एका टोकाकडे बघून नाक वर केलं, वारा हुंगला आणि म्हणाला, वापस. आमच्यातल्या दोघा मुलांनी भांडण काढलं. इतक्या लांबून आलो, अर्ध्या तासाचं काम आहे, पुन्हा कोण येतंय? मलाही तेच वाटत होतं. पायांखाली बर्फ करकरत होता, मी ज्याच्यासाठी गावभर बदनाम झाले होते ते सगळं तिथे, समोर होतं. डोळ्यांत पाणी आलं. मी पिशवीचे पट्टे आवळले आणि सगळ्यांच्या आधी पाठ फिरवली.

खाली आल्यावर पहिल्या फोनच्या दुकानातून गावी फोन लावला. आमच्याकडे फोन कासमचाचांच्या दुकानात होता. त्यांनी बाबांना बोलावून आणेपर्यंत मी ताटकळले. मग बाबांचा श्वास ऐकू आला. ते फोनवर आधी नुसताच श्वास घ्यायचे.

"गेलती का वर?"

"नाई बाबा. खिंड दिसली. मंग फिरली."

"काऊन?"

"वाटाड्या फिर म्हने."

"तुले वाईट वाटलं असन."

"लई वाटलं," मी म्हटलं. "पन काही झालं असतं तं तुमच्यावर आलं असतं."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं लाईन गेली. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग कुणीतरी फोन उचलला, ते कासमचाचा होते.

"बेटी," ते म्हणाले, "क्या बोली तू इसको? आदमी रो रहा है मेरी दुकान में।"